त्रिनिदादला व्हिसा लागत नाही, पण पिवळं कार्ड लागतं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही 64 वर्षांच्या, यजमान 67 चे, दोघांचेही भारतीय पासपोर्ट, अमेरिकेचा किंवा इंग्लंडचा व्हिसा नाही. यजमानांना एकदा वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदादचं क्वीन्स पार्क ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बघायचंय. त्रिनिदादला व्हिसा लागत नाही असं कळलं, लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसतंय, तर काढून टाकू का?

आज काढू नका. त्रिनिदाद आणि टोबॅगोला भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी 90 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही माहिती बरोबरच आहे. पण तो फक्त तिकडच्या दाराचा नियम झाला. वाटेत एक दार आहे आणि परत येताना मुंबईला आपलं स्वतःचं एक दार आहे. माणसं अडकतात ती या दोन ठिकाणी. माझा भाऊ काही वर्षं त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला, नोकरीला होता, त्यामुळे आमचं दोनदा जाणं झालं. दोन्ही वेळचं सांगते.

सगळ्यात आधी पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस. तिच्या प्रमाणपत्राचं कार्ड म्हणजेच पिवळं कार्ड. त्रिनिदाद हे बेट पीतज्वराच्या धोक्याच्या यादीत आहे. व्हेनेझुएलाचा किनारा तिथून जेमतेम 11 किलोमीटरवर. जंगलात हाउलर माकडं आहेत आणि 2008-09 मध्ये त्या माकडांमध्ये हा रोग सापडला होता. तुम्ही भारतातून जाताना त्रिनिदादवाले लसीचं विचारत नाहीत, कारण भारतात पीतज्वर नाही. विचारतात ते परत आल्यावर आपले लोक. हा रोग पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून भारत सरकार या बाबतीत फार कडक आहे आणि ते योग्यच आहे. त्रिनिदाद सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत कार्डाशिवाय उतरलात, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मध्ये अॅमस्टरडॅमला विमान बदललं म्हणून सुटका होत नाही.

लस एकदाच घ्यायची. 2016 पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. मात्र ते लागू होतं टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्या. नेहमीच्या डॉक्टरांकडे ही लस मिळत नाही. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून बहुतेक केंद्रं ठरलेल्या दिवशीच आणि आधी नाव नोंदवूनच देतात. निघायच्या दीड-दोन महिने आधी नंबर लावा. मूळ पासपोर्ट बरोबर न्या, कारण कार्डावर त्याचा नंबर लिहितात. टेबलावरून उठण्याआधी तो नंबर, जन्मतारीख, टोचल्याची तारीख आणि शिक्का स्वतः वाचून घ्या. पुढे पासपोर्टचं नूतनीकरण झालं तर जुना पासपोर्टही प्रवासात जवळ ठेवा.

परतताना मुंबईला काय होतं ते सांगते. इमिग्रेशनच्या अलीकडे आरोग्य विभागाचं टेबल होतं. तिथल्या बाईंनी माझं कार्ड उघडलं, शिक्का उजेडाकडे धरून पाहिला, मग टेबलावरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून टोचल्याच्या तारखेपासून एकेक दिवस मोजला. दहा भरले तेव्हा पुढच्या माणसाला हाक मारली. माझ्या मागच्या जोडप्यातल्या काकांचं कार्ड घरी कपाटात राहिलं होतं. मुलाने फोनवर फोटो पाठवला होता, पण त्यांना बाजूला बसवून ठेवलं. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो.

आता तुमच्या वयाचं. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामाचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. प्रमाण अगदी थोडं असतं, तरी असतो. अंड्याची तीव्र अॅलर्जी, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, केमोथेरपी, थायमस ग्रंथीचा आजार, यातलं काही असेल तर लस देतच नाहीत. तुम्ही संधिवाताच्या गोळ्या चालू असल्याचं लिहिलंय, म्हणून गोळ्यांची यादी घेऊन आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा. त्यांच्याकडून होकार येईपर्यंत बाकी कशालाच हात लावू नका. लस देता येत नाही असं पत्र डॉक्टर लिहून देतात, पण त्या पत्राने विलगीकरण टळेल हे गृहीत धरून प्रवास आखू नका.

डॉक्टर नाही म्हणाले तर माझं स्पष्ट मत: बार्बाडोसला जा. तिथेही भारतीय पासपोर्टला 90 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही आणि ते बेट पीतज्वराच्या यादीत नाही. केन्सिंग्टन ओव्हल हे मैदान तिथे आहे, समुद्र तर त्रिनिदादपेक्षा सुंदर. ओव्हल बदलेल, पण यजमान समजून घेतील. त्रिनिदाद आणि टोबॅगो ही एकाच देशाची दोन बेटं, जागतिक यादीत नाव त्रिनिदादचं आहे, टोबॅगोचं नाही, तेव्हा फक्त टोबॅगोला जाऊ, असंही कोणी सुचवेल. मुंबईच्या टेबलावर हा फरक पटवत बसायची वेळ स्वतःवर आणू नका.

वाटेतलं दार. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेतून जायचं तर विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं नसलं तरी व्हिसा हवाच. तिथे व्हिसाशिवाय नुसतं विमान बदलण्याची सोय नाही. कॅनडाचंही तुमच्यासाठी तसंच. तुम्ही पाहिलेल्या लंडनच्या तिकिटाची गोष्ट अशी की भारतीय पासपोर्टवाल्याला तिथे आतल्या आत विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरेंचा चालू व्हिसा असेल तर सूट मिळते, पण तुमच्याकडे तो नाही. शिवाय स्वस्त तिकिटात बऱ्याचदा हीथ्रोला उतरून लंडनच्याच दुसऱ्या विमानतळावरून, गॅटविकहून, निघायचं असतं. म्हणजे इमिग्रेशन ओलांडून लंडन शहराच्या कडेने बसने जायचं, आणि त्याला वेगळा व्हिसा. मी तुमच्या जागी असते तर अॅमस्टरडॅमचा मार्ग धरला असता. तिथे भारतीयांना आतल्या आत विमान बदलायला व्हिसा लागत नाही. अट एकच: मुंबई ते पोर्ट ऑफ स्पेन सगळं एकाच बुकिंगमध्ये हवं आणि सामानाचा टॅग शेवटपर्यंतचा हवा. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर सामान घ्यायला बाहेर यावं लागेल, आणि बाहेर यायला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक, व्हिसा लागेल.

वेगळ्या तिकिटांचा फटका आम्हाला दुसऱ्या प्रकारे बसला. पहिल्या खेपेला जायचं तिकीट त्रिनिदादचं होतं आणि परतीचं बार्बाडोसहून. मधला तुकडा तिथे गेल्यावर काढू म्हटलं. मुंबईत पहाटे अडीचला काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "त्रिनिदादमधून बाहेर पडायचं तिकीट?" बार्बाडोसचं दाखवलं तर ती म्हणाली, हे बार्बाडोसमधून बाहेर पडायचं आहे. तिचं बरोबर होतं. प्रवाशाला तिकडून परत पाठवलं तर खर्च विमान कंपनीवर येतो, म्हणून कंपन्या इथेच अडवतात. रांग आमच्यामागे ताटकळत असताना नवऱ्याने फोनवरून दुप्पट भावाने तो तुकडा काढला. तुम्ही परतीचं तिकीट छापूनच न्या.

त्रिनिदादच्या पियार्को विमानतळावर मग फार काही नाही. निदान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, परतीचं तिकीट, राहण्याचा पूर्ण पत्ता आणि खर्चाची सोय दाखवता आली पाहिजे. क्रेडिट कार्ड आणि थोडे अमेरिकी डॉलर पुरतात. किती दिवस राहणार विचारलं की तारीख सांगा, "बघू" म्हणू नका. शिक्का मारल्यावर तो तिथेच वाचा. 90 दिवस ही कमाल मर्यादा आहे. तुम्हाला शिक्क्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंतच राहता येतं. आमच्या अधिकारी बाईंचं आडनाव महाराज होतं. शिक्का मारता मारता त्यांनी विचारलं, आमची आजी कुठल्या गावची ते तुम्हाला सांगता येईल का? 1845 ते 1917 या काळात करारावर उसाच्या मळ्यांत नेलेल्या लोकांचे ते वंशज. बहुतेक जण आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे. मला काही सांगता आलं नाही, वाईट वाटलं.

कपड्यांचं एक लक्षात असू द्या: लष्करी छपाईचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे तिथे कायद्याने बंद आहेत. टोपी, पिशवीसुद्धा नको. बियाणं, ताजी फळं, रोपं नेऊ नका. गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. डिसेंबर 2024 च्या अखेरीस गुन्हेगारीमुळे तिथे आणीबाणी लागू झाली होती, तेव्हा निघण्याआधी परिस्थिती बघा आणि अंधार पडल्यावर पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पायी फिरू नका. फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला कार्निव्हल असतो, अॅश वेनस्डेच्या (ख्रिश्चनांचा उपवासकाळ सुरू होतो तो बुधवार) आधीचे सोमवार-मंगळवार. त्या आठवड्यात खोल्यांचे भाव कित्येक पट होतात. तो टाळलात तर बरं.

ओव्हलबद्दल यजमानांना सांगा, त्यांनी पेपरात वाचलेला तो मार्च 1971 चा सामना तिथलाच. गावसकरांचं पदार्पण, 65 आणि नाबाद 67. मडगावच्या दिलीप सरदेसाईंचं शतक. वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते इथेच. दोन दिवस मात्र त्रिनिदादमधल्याच कारापिचायमा गावाकडे ठेवा. तिथे दत्तात्रेय मंदिर आहे आणि पुढ्यात 85 फुटी हनुमान. जवळच वॉटरलूला समुद्रातलं मंदिर आहे. शिवदास साधू नावाच्या मजुराने मळ्याच्या जमिनीवर देऊळ बांधलं, कंपनीने ते पाडायला लावलं, त्यांना तुरुंगात टाकलं. मग त्यांनी समुद्राला मालक नसतो म्हणून सायकलवरून दगड-सिमेंट वाहत वर्षानुवर्षं पाण्यातच देऊळ उभारलं. ओहोटीच्या वेळी जा, दूरवर चिखल उघडा पडतो आणि त्यांनी केवढं अंतर भरत नेलं ते डोळ्यांनी दिसतं.

डॉक्टर काय म्हणतात ते इथे लिहा. त्यावर त्रिनिदाद की बार्बाडोस हे ठरलं की तिकिटाचा मार्ग पक्का करायला मी मदत करते.