शाळा-कॉलेजमुळे स्वतंत्र विचार मारला जातो का?

शिक्षणाने नाही, घोकंपट्टीने मारला जातो. आमच्या वर्गात ‘फळा बोलू लागला तर’ हा निबंध चाळीस जणांनी लिहिला आणि चाळीसही जणांचा फळा एकच बोलला. गाईडातलं! (मीही त्यातलाच.)

उलट खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं बघा. बनारसच्या घरी मामा फळ्यावर गणिताचं कोडं लिहून ठेवायचे. ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत पुसायचं नाही. पुढे नारळीकर केंब्रिजला रीतसर परीक्षा देऊन 1959 मध्ये रँग्लर झाले (म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आले), आणि तिथेच खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांच्याबरोबर महास्फोट सिद्धांताला, म्हणजे विश्वाची सुरुवात एका महास्फोटाने झाली या मताला, आव्हान देत राहिले. आता शाळाच सोडली असती, तर त्या वादात उतरायला लागणारं गणित आणलं असतं कुठून?