बिल्ला उलटा कर

प्रिय पोरी,

आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत ५९ क्लबचा, म्हणजे लंडनच्या मोटरसायकलवाल्यांच्या क्लबचा, बिल्ला निघाला आणि तुझी झोप उडाली. घरचे म्हणतात १९५९ चा, नाशिकच्या भद्रकालीतला दुकानदार म्हणतो नक्कल. त्यावर लेख लिहायचा म्हणून मला चार फोटो पाठवलेस, चारही समोरून!

उलटा कर गं तो.

क्लब लंडनच्या हॅकनी विकमधल्या चर्चने १९५९ मध्ये तरुणांसाठी काढला. फादर बिल शेरगोल्ड यांनी मोटरसायकलवाल्यांची शाखा सुरू केली ती १९६२ मध्ये. म्हणजे तो आकडा क्लबच्या जन्माचा, बिल्ल्याच्या नव्हे. व्हिंटेज मोटर सायकल क्लबचंही तेच. गाडी १९२८ ची असेल, पण क्लबच १९४६ चा, मग बिल्ला त्याआधीचा कुठून येणार? समोरची बाजू मिरवण्यासाठी असते. तिला विचारून तारीख मिळत नाही.

मागे बघ. बर्मिंगहॅमच्या फॅटोरिनीसारख्या कारखानदाराचं नाव, पत्ता कोरलेला असतो. कारखाना हलला की पत्ता बदलतो, आणि जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत तो कोणत्या सालापर्यंत होता ते सापडतं. चांदी असेल तर जहाजाच्या नांगराची खूण शोध, ती बर्मिंगहॅमच्या तपासणीची. शेजारचं अक्षर वर्ष सांगतं. सभासद क्रमांक आहे का? पिन कशी डाखली आहे? बिल्ल्यावरचा रंगीत मीना बघायचा तो भिंगातून. जुना मीना म्हणजे काच, साधारण ८०० अंशांवर भट्टीत वितळवलेली. तिचा टवका उडतो. नकलेत बहुधा रेझिन असतं, त्यावर ओरखडे उठतात. सुई लावून बघायची नाही, सांगून ठेवतो.

अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथे एकदा जा. बिल्ल्यांशी त्यांना देणंघेणं नाही, पण नाण्याच्या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय तिथे कुणी मत देत नाही. ती सवय उचल.

आपल्या रविवारच्या टोळीत मला खडूस म्हणतात, माहीत आहे. एकाने जावा मोटरसायकलच्या टाकीवर चिकटवलेला बिल्ला दाखवला आणि ‘ओरिजिनल म्हणा’ असा आग्रह धरला. काढायला तयार नाही, मग मी काय डोंबल सांगणार? नाही म्हणालो. तेव्हापासून तो मला चहाला विचारत नाही. न विचारू दे. उलटा न केलेल्या बिल्ल्याबद्दल मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही आणि लिहिणारही नाही.

सल मात्र वेगळाच आहे. देवळाली कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या फिटरने मला मूठभर बिल्ले दिले होते. कुणाचे, कुठून आले, हे निवांत विचारू म्हणता म्हणता तो गेला. बिल्ले माझ्या कपाटात आहेत, मागचे शिक्के मी वाचलेत, पण ते कुणाच्या कोटावर होते हे आता कोण सांगणार? तुझी आजी आहे अजून. आजच बस तिच्याजवळ, लेख नंतर लिही.

आणि त्याला पितांबरी लावलीस तर माझ्याशी गाठ आहे. उन्हात तिरका धर, शेजारी मोजपट्टी ठेव, मागच्या बाजूचा फोटो पाठव. पुन्हा समोरचा आला तर मी उघडणारसुद्धा नाही.

तुझा,
काका