वातावरणाच्या उपग्रह मोहिमांसाठी युरोपात यायचं असेल तर

एमएस्सी झाली आहे, पुण्यात आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेत प्रोजेक्टवर काम करताय, आणि वातावरणाच्या उपग्रह मोहिमा आखायला नेदरलँड्सला, थेट ‘ईसा’त, म्हणजे युरोपीय अंतराळ संस्थेत यायचं म्हणताय. या, जरूर या. फक्त दार नीट निवडा. ईसाची कायम नोकरी मुख्यतः सदस्य देशांच्या नागरिकांसाठी असते. भारतीय पासपोर्टवर तिथेच अर्ज करत राहू नका. मोहिमेमागचं बरंचसं विज्ञान बाहेरच्या संस्थांमध्ये घडतं: डी बिल्टची केएनएमआय ही हवामान संस्था, लायडनची एसआरओएन ही अंतराळ-संशोधन संस्था, डेल्फ्टचं विद्यापीठ. इथे पीएचडी ही साधारण चार वर्षांची पगारी नोकरी असते. मीही त्याच वाटेने आले.

मोहीम आखणं म्हणजे काय, हे सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहावरून बघा. तो १३ ऑक्टोबर २०१७ ला उडाला. त्यावर ट्रोपोमी हे एकच उपकरण आहे. पृथ्वीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशातून ते नायट्रोजन डायऑक्साइड, मिथेन, ओझोन मोजतं. उंची ८२४ किलोमीटर, आणि विषुववृत्त ओलांडायची स्थानिक वेळ दुपारी दीड. दीडच का? कारण अमेरिकेचा सुओमी एनपीपी हा उपग्रह त्याच वेळेला जातो आणि हा पाच मिनिटांच्या आत त्याच्या मागोमाग. ट्रोपोमीचा एक पिक्सेल काही किलोमीटरचा. त्यात ढगाचा छोटा तुकडा आला तरी मिथेनचा आकडा बिघडतो. एनपीपीचं उपकरण ढग खूप बारकाईने बघतं. त्याचीच माहिती वापरायची, म्हणजे स्वतःचा वेगळा ढग-कॅमेरा न्यायला नको. पण अंतर वाढलं की ढग सरकलेला असतो, म्हणून मिनिटांचा हिशेब. असे निर्णय घेताना बसायला मिळणं, हे मला या कामातलं सगळ्यात मोठं सुख वाटतं.

मात्र धीर लागतो. वारे मोजणाऱ्या एओलस या ईसाच्या उपग्रहाला १९९९ मध्ये मंजुरी मिळाली, उड्डाण झालं २०१८ ला. त्याच्या अतिनील लेझरमुळे निर्वातात उपकरणाच्या काचांवर थर जमून त्या खराब होत होत्या. शेवटी आत थोडा ऑक्सिजन सोडून तोडगा निघाला. तुमच्या कारकिर्दीत दोन-तीन मोहिमाच पूर्ण होतील, हे धरून चाला.

अमेरिकेतही बघताय, पण तिथे निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यांमुळे उपग्रहाच्या कामाच्या बऱ्याच जागा परदेशी माणसाला बंद असतात.

इथे घराची टंचाई भयंकर आहे. ज्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी होत नाही, ते घर घेऊ नका. जन्मदाखला भारतातूनच अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून आणा.

आणि अर्जाआधी एक काम कराच. ट्रोपोमीचा डेटा फुकट मिळतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रावरचा नायट्रोजन डायऑक्साइड काढा, पावसाळ्यात किती दिवस ढगांमुळे वाया जातात ते मोजा, आणि प्रत्येक आकड्यासोबत त्रुटी किती ते लिहा. प्राध्यापकांना मेल करताना सीव्हीच्या आधी ते दोन पानी काम जोडा. कक्षांचं गणित इथे आल्यावरही शिकता येतं. त्रुटीचा हिशेब येणारा माणूस मात्र सगळ्यांना हवा असतो.