गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात मे आला तर

अगं, आपल्या सोलापुरात पारा ४२-४३ला टेकतो, तेव्हा गाऊन-कुर्ता घेताना रंगाआधी कापड बघ. मलमल किंवा साधं सुती. पॉलिस्टर घाम शोषत नाही. पोटाखाली, छातीखाली घामोळं उठतं. नवं सुती आधी भिजवून धू, खळ निघते. आटतं म्हणून माप एक मोठंच.

खरा त्रास परकराच्या नाडीचा. करकचून बांधली की वळ उठतो, घाम साचून खाज सुटते. शिंप्याकडून दीड इंच रुंद, सैल इलॅस्टिक घालून घे, पोटाच्या खाली बसेल असं. लेगिंग्ज सरळ कपाटात.

पाय संध्याकाळी सुजतात, चपला तेव्हाच घालून बघ. चेहरा-हात अचानक सुजले किंवा डोकं ठणकलं तर मात्र ऊन लागलंय म्हणून बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ.