वणीजवळच्या गावात राहतो. बोलेरोत मोठा स्टिरिओ बसवायला चौकट करायची आहे. प्लास्टिक शीट कोणती घेऊ, कशी वाकवू, कशाने चिकटवू?

३ मिमी एबीएस शीट घ्या, हीट गनने वाकवा आणि ॲसिटोनने चिकटवा. ॲसिटोन एबीएसला विरघळवतं, म्हणून सांधा एकजीव होतो. फेविक्विकचा धक्क्यांनी तडकतो. शीटचाच चुरा ॲसिटोनमध्ये भिजवून लेप करा, फटी त्याने बुजतात. एबीएस साधारण १०५ अंशांपुढे नरम पडतं. गन फिरती ठेवा, नाहीतर फोड येतात, आणि लाकडी साच्यावर थंड होईपर्यंत दाबून धरा. सनबोर्ड (पीव्हीसी फोमची शीट) स्वस्त, पण तो ७५-८० अंशांतच लोळतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड तेवढा तापतोच. मात्र डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला ‘पीपी’ (म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, वेगळं प्लास्टिक) कोरलेलं असेल तर तिथे ॲसिटोन धरणार नाही, स्क्रूच मारा. ॲसिटोन भडकन पेटतं, गन सुरू असताना डबा लांब ठेवा.