अपिलाच्या मसुद्याविषयी

प्रिय मित्रास, अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ टेप रेकॉर्डिंगच्या क्लेमवरील (पेटंटमध्ये मागितलेल्या हक्कावरील) ऑब्व्हियसनेसच्या, म्हणजे ‘हे कोणाही जाणकाराला सहज सुचले असते’ या, आक्षेपाविरुद्ध तू तयार केलेला अपिलाचा मसुदा दोनदा वाचला. ‘हे मागाहून सुचलेले शहाणपण आहे’ हे वाक्य त्यात सात वेळा आले आहे, एकदा पुरे. अमेरिकेत १९६६ च्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डियर निकालापासून आधीचे ज्ञान, क्लेमचे वेगळेपण आणि त्या काळच्या सामान्य जाणकाराची पातळी हे पाहावेच लागते, आणि इतरांचे अपयशही पुराव्यात धरता येते.

सरावासाठी अँपेक्स या अमेरिकी कंपनीचे व्हिडिओ टेप यंत्र घे. १९५६ साली शिकागोत दाखवलेल्या या यंत्रात दोन इंची टेप सेकंदाला १५ इंच सरके आणि चार हेडची (टेपवर नोंद करणाऱ्या चुंबकीय टोकांची) चकती मिनिटाला १४,४०० फेरे घेत टेपवर आडव्या रेघा नोंदवत जाई. आरसीए या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने मात्र १९५३ मध्ये स्थिर हेडसमोरून सेकंदाला ३६० इंच टेप पळवली होती. जाणकारांचा ओढा कोणीकडे होता, हे अशा आकड्यांवरून कळते.

तरीही नुसत्या फिरत्या हेडवर क्लेम उभा केला असता, तर मीही तो नाकारला असता, कारण ती कल्पना संशोधक मार्व्हिन कॅमरस यांनी आधीच दाखवली होती. खरी गाठ सिग्नलची होती. चार हेडच्या सिग्नलची पातळी तंतोतंत जुळत नाही आणि ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशनमध्ये, म्हणजे लहरीच्या उंचीतून चित्र नोंदवताना, तो फरक थेट चित्रात उतरतो. अँपेक्सने आधी तोच मार्ग धरला, मग एफएम, म्हणजे लहरीच्या फ्रिक्वेन्सीतून चित्र नोंदवणे, घेतले. आता पेटंट ऑफिसचा एक्झामिनर म्हणेल की एफएम रेडिओत होतेच, आणि अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या केएसआर निकालानंतर ती जोडणी सुचवणारा लेखी कागद दाखवण्याची सक्ती त्याच्यावर नाही. उत्तर तंत्रातच आहे: रेडिओत वाहक लहर (जिच्यावर संदेश चढवतात ती) संदेशाच्या कितीतरी पट वर असते, येथे ती चित्राच्या सर्वोच्च फ्रिक्वेन्सीच्या जेमतेम वर ठेवावी लागली, आणि तरीही चित्र नीट परत मिळेल असे रेडिओच्या अनुभवावरून कोणी गृहीत धरले नसते.

फेडरल सर्किट हे पेटंट अपिलांचे न्यायालय कायद्याचा निष्कर्ष नव्याने तपासते, मात्र पेटंट ऑफिसच्या वस्तुस्थितीविषयक निष्कर्षांना पुरेसा पुरावा असल्यास हात लावत नाही. म्हणून तुझ्या तज्ज्ञाचे प्रतिज्ञापत्र, जे तू अकराव्या पानाच्या तळटीपेत दडवले आहेस, ते युक्तिवादाच्या आरंभी आण आणि सुधारलेली पहिली चार पाने गुरुवारपर्यंत पाठव.