ती फाईल पुसू नकोस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या सीडीतल्या फाईली उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात आणि सगळे म्हणतात, ‘करप्ट झाल्यात, डिलीट कर.’ मुळीच करू नकोस. त्या फाईलींना काही झालेलं नाही. तू पाठवलेल्या फोटोत वरच्याच ओळीत ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच अक्षरं ओळीने आली आहेत. कृतिदेव फॉन्टमध्ये या पाच जागांवर म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी बसवलेली असते. तिथे ‘मराठी’ लिहिलंय!

असं का झालं ते समजून घे, म्हणजे पुढचं काम डोळसपणे करशील. संगणकात देवनागरी कशी साठवायची याचं भारतीय मानक १९९१ मध्ये आलं, आणि जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती त्याच वर्षी आली, तिच्यातही देवनागरी होती. पण डीटीपीच्या दुकानात चालायचं पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, आणि त्यात यातलं काहीच चालत नव्हतं. मग इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवायचं, अशी वाट काढली गेली. ज्याने त्याने आपापल्या सोयीने चित्रं बसवली. कृतिदेवची मांडणी वेगळी, शिवाजीची वेगळी, श्रीलिपीची वेगळी, सी-डॅकच्या योगेश आणि सुरेखची आणखी वेगळी. वर्तमानपत्रांच्या वेबसाइटवरसुद्धा आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. पुढे विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल हा युनिकोड फॉन्ट आला आणि घरच्या संगणकावर सरळ मराठी दिसू लागली. र. कृ. स्वतः कवी आणि सुलेखनकार होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

कृतिदेवचं मूळ मात्र त्याहून जुनं, टाइपरायटरचं आहे. टाइपरायटरवर कळा मोजक्या, म्हणून ख, ण, थ, ध, भ, श यांना वेगळी कळ नाही. अर्धं अक्षर मारायचं आणि पुढे काना द्यायचा. त्यामुळे या फाईलींत कान्याच्या जागेवरचं इंग्रजी ‘के’ (k) जिथे तिथे दिसतं. फॉन्ट ओळखायची ही माझी पहिली खूण. पहिली वेलांटीही टाइपरायटरवर अक्षराच्या आधी मारावी लागे, कारण कागदावर ती आधी येते. म्हणून ‘किती’ या शब्दात कृतिदेव आधी वेलांटी ठेवतो आणि मग क. युनिकोड आधी क ठेवतं आणि मग वेलांटी. रफाराचं तर आणखी लांबचं. ‘वर्गात’ हा शब्द तुझ्या फाईलीत व, ग, काना, रफार, त असा आहे. युनिकोडमध्ये तो रफार कान्यावरून आणि ग वरून उचलून मागे न्यावा लागतो, व च्या लगेच पुढे. आजोबांची बोटं ज्या क्रमाने चालली, तो क्रम त्या फाईलीत जसाच्या तसा आहे.

आता कामाचं. आधी सगळ्या सीडीची प्रत काढ आणि मूळ फाईलींना हात लावू नकोस. वर्डची फाईल असेल तर मजकूर सिलेक्ट करून फॉन्टच्या चौकटीत बघ. फॉन्ट तुझ्याकडे नसला तरी नाव तिथे दिसतं. साध्या टेक्स्ट फाईलीत नाव साठवलेलंच नसतं, तिथे अक्षरांवरूनच ओळखायचं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा कन्व्हर्टर ऑफलाइन चालणारा घे. त्यात आजोबांची खाजगी पत्रं असतील, ती कुठल्या तरी अनोळखी वेबसाइटवर चिकटवू नयेत. एआयला ‘दुरुस्त करून दे’ असंही सांगू नकोस. जिथे कळत नाही तिथे ते स्वतःचा शब्द घालतं, आणि तो इतका बेमालूम बसतो की पुन्हा सापडत नाही.

रूपांतर झालं म्हणजे काम संपलं असं धरू नकोस. खरं वाचन तिथून सुरू होतं. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरक बघ: एक स्वयंपाक करणारे, दुसरे शिकवणारे. हिंदीला तो वेगळा ऱ्य लागत नाही, त्यामुळे हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरवर इथे विसंबू नये. शिवाय युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. ‘ॲप’मधल्या ॲ चंही तेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधी कोणी अ वर चंद्र देई, कोणी हिंदीतला ऍ वापरी. एकच पद्धत ठरव आणि सगळ्या फाईलींत तीच ठेव.

आजोबांचं शुद्धलेखन मात्र सुधारू नकोस. ते ‘नाहीं’ असं अनुस्वार देऊन लिहीत असतील तर तसंच राहू दे.

पहिली दोन पानं झाली की मूळ आणि नवी अशा दोन्ही फाईली मला पाठव. रफार आणि ऱ्य मी तपासून देतो. आणि सीडीवर आजोबांनी हाताने काही लिहिलं असेल, तर त्याचाही फोटो काढून ठेव. फॉन्टचं नाव पुष्कळदा तिथेच लिहिलेलं असतं.

तुझा
काका